बर्फ पडला का?

नेरिडा दोन्ही गुडघे धुळीत टेकून बंदुकीपुढची जमीन न्याहाळत होती आणि मागं बाकावर बसलेला तिच्या बहिणीचा नवरा खो खो हसत होता.

"काय गं नेड, दात पडला का तुझा?"

"गप रे ब्राइस. बोल्ट उघडा ठेव," बाबा म्हणाला.

"उघडाच आहे. शपथ. बघ, माशी आत जाऊन फिरून बाहेर पण आली."

तेवढ्यात नेरिडाला दिसला. झुडपाच्या बुडाशी नखाएवढा कागदाचा कपटा, कडेनं करपलेला. त्याच्या पुढं आणखी एक, मग वाऱ्यानं लोटत नेलेले चारपाच. तिनं ते सगळे वेचून खिशात टाकले, कारण वेचलेली जागा साफ राहिली पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी जुना कपटा नव्याच्या नावावर खपायचा. मग तिनं हात वर केला.

"बर्फ पडला का?" बाबानं ओरडून विचारलं.

"पडला!"

"ये मग मागं."

ती बाकाच्या मागं आली, तेव्हा कुठं बाबानं मान हलवली आणि ब्राइसला पुढचं काडतूस मिळालं.

आता मॅलीच्या त्या खुरट्या, तापलेल्या रानात बर्फ कुणाच्या बापजन्मी पडला नव्हता. पण नेरिडाच्या घरात, म्हणजे ट्रेगेन्झांकडं, त्याला बर्फच म्हणायचे. बाबाची ती लष्करातली जुनी रायफल त्याच्या आजोबांच्या वेळची. इतक्या गोळ्या खाऊन बसलेली की नळी आतून पार झिजलेली, साधी गोळी तिच्यातून डुगडुगतच जायची, मोठ्या बोळातून लहान पोरगं पळावं तशी. म्हणून बाबा शिशाच्या गोळ्या घरीच ओतायचा आणि एकेकीला ओल्या पातळ कागदात गुंडाळायचा, तान्ह्या बाळाला गुंडाळतात तसं. दोन वेढे, शेपटाला पीळ, पीळ बुडाशी दुमडलेला. वाळला की कागद गोळीला कातडीसारखा बसतो, झिजलेली नळी भरून काढतो, गोळी सरळ जाते. आणि नळीच्या तोंडातून बाहेर पडल्या पडल्या त्या कागदाच्या चिंध्या होऊन हवेत उडतात. तोच बर्फ.

बर्फ दिसला, म्हणजे गोळी बाहेर गेली. नाही दिसला, तर ती आतच अडकलेली असू शकते, कारण म्हातारीला, म्हणजे या रायफलला, जपायचं म्हणून बाबा बंदुकीची दारू अगदी बेताची घालायचा. आणि अडकलेल्या गोळीच्या पाठीवर दुसरी झाडली, तर बंदूक समोरच्याला नाही, धरणाऱ्याला खाते. म्हणून घरचा कायदा. दर गोळीनंतर एकानं पुढं जायचं. तो पुढं आहे तोवर बोल्ट, बंदुकीची मागची कडी, उघडा. त्यानं "पडला" म्हटल्याशिवाय पुढची गोळी नाही, खुद्द पंतप्रधान बाकावर बसलेला असला तरी नाही. आधी आई वेचायची. आई गेली तशी नेरिडा वेचायला लागली.

आणि आज बाकावर बसला होता तो ब्राइस. ब्राइस, ज्याला बाबानं एरवी बंदुकीचा पट्टासुद्धा हातात दिला नसता.

तो सकाळी आला होता कॉरिनला न्यायला. बियरचा खोका आणि पेट्रोलपंपावर मिळतात तसली फुलं घेऊन, फुलांवर किमतीची चिकटपट्टी तशीच. नेरिडाची ही मोठी बहीण गेल्या महिन्यात बसमधून उतरली होती ती उजवा हात प्लास्टरमध्ये घालून. जिन्यावरून पडले, म्हणाली. बाबानं काही विचारलं नाही. नेरिडानंही नाही. दोघांनाही ठाऊक होतं की कॉरिनच्या शहरातल्या घराला जिनाच नाही.

गंमत म्हणजे बंदुकीचं काढलं ते कॉरिननंच.

"बाबा, आलाच आहे तो तर दाखव की त्याला तुझी म्हातारी," ती चुलीपुढून मागं न वळता म्हणाली होती. "उगाच इथं नुसता बसून काय करेल?"

नेरिडाच्या हातातली बशी हातातच राहिली. आणि बाबा, तो तर खुळावलाच होता. सकाळी ब्राइस यायच्या आधी कॉरिन आपण होऊन शेडमध्ये त्याच्याजवळ जाऊन बसली होती, लहानपणी बसायची तशी. तो काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत दारू मापून घालायचा आणि तिच्याकडं सरकवायचा, ती डाव्या हातानं वर गोळी ठेवून यंत्राचा दांडा दाबायची. बाबा आत आला तो डोळे पुसतच. "माझी कोरी परत आली गं," एवढंच म्हणाला.

म्हणून आता चौघं इथं, घरामागच्या माळावर. उत्तरेचा वारा सुटला होता, भट्टीचं दार उघडल्यासारखा. गुलाबी काकाकुवे एरवी पाण्याच्या टाकीवर नुसता बाजार भरवतात, आज एकही नव्हता. लांब साखळीला टांगलेली नांगराची तबकडी वाऱ्यानं हलत होती. ब्राइसची गोळी लागली की ती घंटेसारखी वाजायची, आणि ती बऱ्यापैकी वाजत होती. तेच तर. ब्राइस खुशीत होता.

"कागदाच्या गोळ्या म्हणे! आमच्या शाळेत पोरं नळीतून थुंकायची तसले बोळे. पण जाते बरं का सरळ. म्हातारबा, मेलास की ही मला देऊन जा."

"आधी मरू तर दे," बाबा म्हणाला.

कॉरिन ब्राइसच्या शेजारी स्टुलावर बसली होती, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात काडतुसं. एकेक काढून ती त्याच्या हातावर ठेवत होती. प्रत्येक वेळी तो काडतूस घ्यायचा आणि बोटाच्या पेरानं तिच्या प्लास्टरवर टकटक करायचा. दारावर करतात तशी.

"आहे का कुणी घरात?"

ती हसायची. म्हणजे ओठ हसायचे.

"बॅग भरलीस ना?"

"भरली."

"मोठी पण?"

"मोठी पण."

"शहाणी माझी. पाचाच्या आत निघू. वाटेत कांगारू आडवे येतात."

नेरिडानं मान फिरवली. परवा वाऱ्यानं मागचं दार आपटलं, तर भांडी घासता घासता कॉरिन मटकन खाली बसली होती, डोकं दोन्ही हातांत लपवून, प्लास्टरचा हात वर. नेरिडा उचलायला गेली तर म्हणाली, चमचा पडला होता. चमचा कुठंच नव्हता. आणि आज पाचाच्या आत निघायचं.

कॉरिनची बोटं डब्यात फिरली. जरा जास्तच वेळ फिरली, आवडीची गोळी शोधणाऱ्या पोरासारखी.

"हे घे," ती म्हणाली आणि उठली. "मी चहा ओतते."

ती डबा स्टुलावर ठेवून पिकअपकडं गेली. पिकअप चांगलीच मागं, सावलीत लावलेली. आणि जागा रिकामी झाली तसा बाबा पुढं सरकला, डबा उचलून मांडीवर घेतला आणि ब्राइसला अगदी खेटून बसला. शिकवायची हौस दांडगी त्याला. शिकायला आलेला कोण आहे हे तो तेवढ्यापुरतं विसरायचा.

"कोपर असं नाही, असं. श्वास अर्धा सोड. मग चाप. ओढायचा नाही, दाबायचा."

फुस्स.

एवढाच आवाज. बार नाही, दणका नाही. तबकडी वाजली नाही.

"अरे, म्हातारी शिंकली!" आवाज दबावा म्हणून कानांवर चढवलेल्या टोप्यांमुळं ब्राइस जरा जास्तच मोठ्यानं ओरडला. त्यानं बोल्ट मागं ओढला, रिकामी पुंगळी उडून धुळीत पडली.

बाबानं कपाळाला आठी घातली. त्याच्याही कानांवर टोप्या होत्या, आणि टोप्या काढल्या तरी त्याच्या कानांवर आता त्याचाच भरवसा नव्हता. "मला हलका वाटला," तो म्हणाला. "का वाऱ्यानं ओढला आवाज? नेड, बघ गं."

नेरिडा पुढं गेली, बसली. झुडपाचं बूड, काही नाही. वारा डावीकडं ओढत होता, म्हणून डावीकडं. तिथंही काही नाही. खडे, मुंग्यांची रांग, सशाच्या वाळक्या लेंड्या. ती रांगतच पुढं सरकली. साफ जमीन, तिनंच वेचून ठेवलेली.

"पडला!"

नेरिडानं चमकून मागं पाहिलं. आवाज कॉरिनचा होता.

"पडला, मी बघितला. टाकीकडं उडाला."

कॉरिन पिकअपपाशी पाठमोरी उभी होती. डाव्या हातात थर्मास, पुढं मांडलेले कप. पाठमोरी. तिला टाकी दिसत नव्हती, बंदूक दिसत नव्हती, दिसत होता फक्त पिकअपचा पत्रा. आणि या घरात आजवर वेचणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणी कधी "पडला" म्हटलं नव्हतं. आई होती तेव्हाही नाही.

"झालं तर मग," ब्राइस म्हणाला. त्यानं बाबाच्या मांडीवरच्या डब्यात हात घालून आपणच काडतूस उचललं आणि खटकन बोल्ट लावला. नेरिडा अजून पुढंच होती.

"बोल्ट उघड!" बाबा असा गरजला की त्याला खोकलाच आला. "माणूस पुढं आहे, गाढवा! उघड आधी!"

"उघडतो, उघडतो. बापरे." ब्राइसनं बोल्ट उघडला, पण काडतूस हातातच ठेवलं. "मेहुणीबाई, सरका की बाजूला. उगाच पेपरात नाव यायचं."

"ये ना गं नेड," कॉरिन म्हणाली. आता ती अर्धी वळली होती, कपाकडं बघत ओतत होती आणि आवाजात मध होता, गेल्या महिनाभरात नेरिडानं ऐकला नव्हता असा मध. "चहा गार होतोय. मारू दे ब्राइसला. किती छान मारतोय तो आज."

ब्राइसनं छाती फुगवली.

मग कॉरिननं नजर वर केली आणि ती सरळ नेरिडावर ठेवली. ही नजर नेरिडाच्या ओळखीची होती. लहानपणी आईची निळी सुरई फुटली तेव्हा हीच नजर. माळ्यावरून पडून कॉरिनचं कपाळ फुटलं आणि कोंबडीनं टोचलं असं घरी सांगायचं ठरलं, तेव्हाही हीच. बोलू नकोस. तू फक्त हो म्हण, बाकी मी बघते.

नेरिडाला कळलं. एकदम नाही, हळूहळू, थंड पाणी मानेवरून पाठीत उतरावं तसं.

एकच शब्द होता. तो म्हणायचा, उठायचं, मागं जायचं, चहा घ्यायचा. जुनी बंदूक, कागदाच्या गोळ्या, म्हाताऱ्याचा छंद. कुणी विचारलंही नसतं. पाचाच्या आत कुणीच कुठं निघालं नसतं. तिच्या जिभेवर तो शब्द येऊन बसला, गोड नव्हता, कडूही नव्हता, नुसता गरम होता. तिनं गुडघ्यांवरची धूळ झटकली. उभी राहिली. तोंड उघडलं.

आणि तिचं लक्ष स्टुलाकडं गेलं.

बाबा ब्राइसला खेटून बसला होता. त्याचा पंजा ब्राइसच्या कोपराखाली, गाल बंदुकीच्या दस्त्याला लागेल इतका जवळ. पांढऱ्या मिशा वाऱ्यानं हलत होत्या.

कॉरिनलाही आत्ताच दिसला तो. मघाशी ती उठली तेव्हा स्टूल रिकामं होतं. कप भरला, भरून वाहायला लागला, वाफाळता चहा तिच्या पावलांवर सांडत राहिला आणि ती ओततच राहिली. तिचं तोंड उघडलं.

"नेड," बाबानं विचारलं, "बर्फ पडला का?"

"नाही," नेरिडा म्हणाली. "नाही पडला, बाबा."

बाबानं बंदूक ब्राइसच्या हातातून काढून घेतली, पितळी गज तोंडातून आत सोडला. तो सुळकन गेला, गेला, आणि शेवट गाठायच्या आधीच टक्क करून थांबला. बाबानं पुन्हा करून पाहिलं. टक्क. ब्राइसनं कानावरच्या टोप्या काढल्या. त्याला तो आवाज नीट ऐकायचा होता असं वाटलं.

मग बाबा लाकडी हातोडीनं गजावर ठोकत राहिला. हळूहळू, डॉक्टर छाती ठोकून बघतो तसं. बोल्टच्या बाजूनं गोळी त्याच्या तळहातात पडली. कागद तसाच्या तसा होता. दोन वेढे, शेपटाचा पीळ. नळीच्या रेघा तेवढ्या उमटलेल्या, बाकी पांढरा, जळल्याची खूण म्हणून नाही.

"मी पुढची झाडली असती तर..." ब्राइस म्हणाला.

बाबा गोळी उलटीसुलटी करून बघत होता.

"यात दारूच नव्हती," तो शेवटी म्हणाला. "मी घातलीच नाही." तो स्टुलावर टेकला. "उभ्या जन्मात असं झालं नाही माझ्या हातून. मोजून मोजून घालतो मी. विचार नेडला."

"उभा जन्म संपत आला तुझा!" ब्राइस फिस्कारला. चेहरा आधी पांढरा, मग लालबुंद. "मारलाच होतास की मला, म्हाताऱ्या! याला कुठंतरी नेऊन टाका रे, दोऱ्या बांधून!" आणि मग तो हसला, फार मोठ्यानं, फार वेळ. हसताना त्याच्या हातातलं काडतूस गळून पडलं. त्यानं ते उचललं नाही.

नेरिडा कॉरिनकडं बघत राहिली. आता बोलेल. बाबा स्वतःलाच दोष देतोय, आता तरी बोलेल. कॉरिननं खांद्यावरचा फडका घेतला, खाली वाकली आणि पावलांवरचा चहा पुसला, नीट, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.

"ब्राइस," ती सरळ होत म्हणाली, "आज नको निघायला. बाबाला अशा अवस्थेत सोडून कशी येऊ मी? पुढच्या शनिवारी ये. बॅगा भरलेल्याच आहेत." मग जरा थांबून म्हणाली, "तुझा डाव पण अर्धाच राहिला. तबकडीचे ठोके मोजत होते मी. चांगला चालला होतास."

ब्राइसनं तिच्याकडं पाहिलं, बंदुकीकडं पाहिलं. घाबरला असं कुणी म्हटलेलं त्याला नको होतं.

"शनिवारी," तो म्हणाला. "मग मात्र काही ऐकणार नाही. आणि याला दारूला हात लावू द्यायचा नाही. काडतुसं तू भर."

"भरते."

"आहे का कुणी घरात?" त्यानं प्लास्टरवर टकटक केली, या वेळी जरा जोरात, आणि गेला. त्याच्या गाडीची धूळ वाऱ्यानं बराच वेळ खाली बसू दिली नाही.

बाबा जेवला नाही. कॉरिननं केलेल्या सारण भरलेल्या पेस्टीचा कोपरा तेवढा मोडला आणि ठेवून दिला. आडवा व्हायला जाताना त्यानं बंदुकीच्या कपाटाची किल्ली नेरिडाच्या हातात ठेवली, तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.

"तुझ्याकडंच असू दे आता. माझा काही भरवसा नाही, पोरी."

नेरिडानं किल्ली पँटच्या खिशात घातली. मघाचे कपटे अजून तिथंच होते.

स्वयंपाकघरात ऊन तिरपं होऊन टेबलावर आलं होतं. कॉरिन बशीत पाणी घेऊन बसली होती, शेजारी पातळ कागदाच्या कापलेल्या पट्ट्या, शिशाच्या गोळ्यांची ओळ. ती एका हातानं गुंडाळायला शिकत होती. पट्टी भिजवायची, टेबलावर सपाट टाकायची, गोळी तिच्यावरून लाटायची. पण शेवटी कागद सुटायचा. पुन्हा भिजवायची, पुन्हा लाटायची. चिडत नव्हती.

ती पुढं वाकली तसं प्लास्टरचा हात अडकवलेल्या गळ्यातल्या झोळीच्या घडीतून काहीतरी टेबलाच्या मेणकापडावर सांडलं. दारूचे राखाडी दाणे, मोहरीहून बारीक. चमचाभरसुद्धा नसतील.

दोघी त्याकडं बघत राहिल्या.

कॉरिननं बोट पाण्यात बुडवलं, दाण्यांवर टेकवलं, एकूणएक दाणे टिपून घेतले आणि बोट फडक्याला पुसलं.

"बाबाला वाटतंय, तो विसरला," नेरिडा म्हणाली.

"हो."

"सांग ना त्याला."

"सांगेन."

"कधी?"

"नंतर." कॉरिननं नवी पट्टी भिजवली. "हे टोक दाबून धर जरा. एका हातानं निसटतंय."

नेरिडानं बोट ठेवलं. कॉरिननं गोळी लाटली, एक वेढा, दुसरा वेढा. या वेळी कागद सुटला नाही. कॉरिननं शेपटाला पीळ दिला, अगदी बाबा देतो तसा, आणि बराच वेळ ती गोळीकडं बघत राहिली. बाहेर माळावर वाऱ्यानं तबकडी कशावर तरी आपटली, घंटेसारखी एकदाच वाजली. शेजारच्या खोलीत बाबा खोकला.

"पुढच्या वेळी," मीठ कमी पडलं म्हणावं अशा सहज सुरात कॉरिन म्हणाली, "बाबाचं स्टूल जरा मागं ठेवू या."

मग तिनं दुसरी पट्टी भिजवली आणि टेबलावर सपाट टाकली. थांबली.

किल्ली नेरिडाच्या मांडीला टोचत होती. तिनं हात पुढं केला आणि कागदाच्या टोकावर बोट ठेवलं.